एकवीस कोरडे दिवस

"ताई, एक सांगू? रोज सकाळी आजोबांची जीभ बघत जा."

सिस्टर लूर्डिना हे म्हणाल्या तेव्हा ऋजुताच्या एका खांद्यावर अडीच वर्षांची रेवा झोपली होती, दुसऱ्यावर डायपरची पिशवी लोंबत होती आणि डिस्चार्जची फाइल तिने हनुवटीखाली दाबून धरली होती. लिफ्ट येऊन उभी होती. आबा, म्हणजे ऋजुताचे सासरे, पाय जरा फाकवून एकेक पाऊल मोजत लिफ्टकडे निघाले होते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस लावलेली लघवीची नळी त्याच सकाळी काढली होती.

"जीभ?" ऋजुताला हसू आलं. "अहो सिस्टर, सासऱ्यांना जीभ दाखवा असं कसं म्हणू? आणि आता यंत्र बसवलंय ना. ते सगळं सांगणारच आहे."

"यंत्र सांगेल गळतं किती ते. बाकीचं माणसाने बघायचं असतं." सिस्टर वसईकडच्या. बोलण्यात ठसका होता, पण तो लागत नसे. "यंत्राला कुठे माहीत, समोर आजोबा आहेत का टाकी आहे ते."

लिफ्टचं दार मिटायला लागलं. ऋजुताने ते पायाने अडवलं, "हो हो, बघते," म्हटलं आणि आत शिरली. तळमजल्यावर पोचेपर्यंत ती ते विसरूनही गेली.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. पुरुषाच्या मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी बसलेली, आणि मूत्रमार्ग तिच्या पोटातूनच जाणारा. कर्करोगामुळे ती काढावी लागली की लघवी अडवणाऱ्या दोन दरवाजांपैकी वरचा दरवाजा तिच्याबरोबरच जातो. मागे उरतो तो खालचा स्नायू. जन्मभर जोडीने केलेलं काम त्याला एकट्याने शिकावं लागतं. खोकला, शिंक, हसू, खुर्चीतून उठणं, पोटावर जरा दाब आला की थेंब निसटतात. कुणाचा स्नायू हे सहा आठवड्यांत शिकतो, कुणाला वर्ष लागतं.

'राखण' नावाचं यंत्र या शिकण्यात मदत करायला निघालं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळीच डॉक्टर तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा त्या स्नायूच्या नसेपाशी बसवत. दाणा नसेतले संदेश ऐके. मनगटावरचा पट्टा हाताच्या हालचाली आणि आसपासचे आवाज टिपे. आणि दोघं मिळून शिकत, की या माणसाची गळती नेमकी कशाच्या मागोमाग होते. एकदा ते उमगलं की दाणा आधीच स्नायूला आवळायला लावी आणि पट्टा मनगटावर थरथरून सांगे, सांभाळा. प्रत्येक देहाच्या खोडी ते आपलं आपण शिकून घेई, वरून कुणी काही सांगायची गरज नसे. शिकताना त्याला शाबासकी मिळे ती एकाच गोष्टीची: थेंब न पडल्याची. त्याच्या लेखी जगात दुसरं चांगलं असं काही नव्हतंच.

हे शेवटचं काही माहितीपत्रकात नव्हतं. माहितीपत्रकात एवढंच होतं, की घरच्यांच्या फोनवर एक ठिपका दिसेल. हिरवा असेल तर निश्चिंत राहा, पिवळा असेल तर लक्ष द्या, लाल झाला तर दवाखान्यात या.

ऋजुताला तो ठिपका देवासारखा भेटला. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून प्रयोगशाळेत चार वर्षं काढलेली ही मुलगी रेवा झाल्यावर घरी बसली होती, आणि काळजी करण्यात तिने तेव्हापासून एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. रेवाचा श्वास, रेवाचं वजन, रेवाच्या शीचा रंग, सगळं तिच्या नजरेत. नवरा निनाद सोमवार ते शुक्रवार पुण्याला. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेलेल्या. नाशिकच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती, रेवा आणि आबा. एवढ्या काळज्यांतली एक तरी कुणी हिरवी करून हातात दिली तर कोण नको म्हणेल?

आबा, मनोहर गायधनी, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कोळवणीच्या धरणावर उभी हयात गेली. नातीचं नावही नदीचं, रेवा, तेही त्यांनीच ठेवलेलं. चहाच्या आधी दाढी करणारे, सुनेसमोर कधी नुसत्या बनियनवर न आलेले. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते सोफ्यावरून उठले आणि मागे तळहाताएवढा ओला डाग राहिला. त्यांनी गुपचूप गादी उलटी केली. स्वयंपाकघरातून ते ऋजुताने पाहिलं, आणि तिने पाहिलेलं आबांनी पाहिलं. त्या दिवसापासून ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले.

त्याच सुमाराला रेवाचा डायपर सोडवणं चालू होतं. फ्रिजवर एक तक्ता होता. चड्डी दिवसभर कोरडी राहिली की एक सोनेरी चांदणी. एका सकाळी फोनवर 'कोरडा दिवस: १' असं उमटलं आणि ऋजुताला काय सुचलं कोण जाणे, तिने रेवाच्या तक्त्याशेजारी दुसरा कागद चिकटवला आणि त्यावर एक चांदणी लावली.

"आबा, तुमचं खातं उघडलं!"

आबा वर्तमानपत्राआडून बघत राहिले. ऋजुताला वाटलं, अति झालं का? तेवढ्यात त्यांच्या मिशा हलल्या.

"रेवाबाई," ते म्हणाले, "शर्यत लागली बरं का."

मग रोज सकाळी तिघांचा तो कार्यक्रमच झाला. आबा चार, रेवा एक. आबा नऊ, रेवा तीन. निनादने तक्त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर मामा, आत्या, भाचेजावई, सगळ्यांचे अंगठे आले. डॉक्टर म्हणाल्या होत्या सहा आठवडे, आणि इथे तिसऱ्याच आठवड्यात पॅडला काम उरलं नव्हतं.

नक्की कधी ते ऋजुताला पुढेही सांगता आलं नाही, पण घरात काहीतरी बिनसायला लागलं.

रेवाचा आणि आबांचा एक खेळ होता. आबा खुर्चीत बसून तोंडाने भोंगा वाजवत, मग ओरडत, "दरवाजा नंबर एक, उघडा!" आणि रेवा पाणी होऊन पॅसेजमधून किंचाळत धावत सुटे, ती थेट आबांच्या गुडघ्यांवर येऊन आदळे. आबा खदखदून हसत. एका दुपारी रेवा पॅसेजच्या टोकाला तयार उभी राहिली आणि भोंगा वाजलाच नाही.

"आबा, उघडा ना!"

"आज धरणात पाणी नाही," आबा म्हणाले. आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसले.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रेवा मांडीवर चढायला गेली तर त्यांनी तिला दोन्ही हातांनी बाजूला केलं. ढकललं? नाही, ढकललं नव्हतं. की ढकललं होतं? ऋजुता भाजी चिरताना तो क्षण मनात पुन्हा पुन्हा लावून बघत राहिली. रेवाचं हसू घरात घुमलं की आबा मनगट दाबून धरत, एवढं मात्र तिने नक्की पाहिलं होतं.

तिने निनादला फोन लावला. "अरे, आबा रेवाला जवळ येऊ देत नाहीत."

"ऑपरेशन झालंय गं. दुखत असेल."

"दुखतं का विचारलं तर नाही म्हणतात. चहा अर्धाच पितात. आमटी नको, पोळी कोरडीच खातात. माझ्यावर रागावलेत का रे?"

"तुझ्यावर कशाला रागावतील? ठिपका कसला आहे?"

"हिरवा."

"मग झालं तर! ऋजू, तू ना, रेवाची काळजी करून झाली की उरलेला वेळ आबांची करतेस. जरा श्वास घे."

तिने श्वास घेतला. मग मोबाइलवर 'वृद्धांमध्ये अचानक स्वभावबदल' असं शोधलं आणि घेतलेला श्वास अडकला. स्मृतिभ्रंश, नैराश्य, मेंदूत गाठ. प्रत्येक यादीतली निम्मी लक्षणं आबांना बसत होती, निम्मी बसत नव्हती. सासूबाईंची आठवण येत असेल? की कर्करोग परत? त्यांच्या खुर्चीपाशी ती रोज सकाळी लिटरभर पाण्याची बाटली भरून ठेवी. संध्याकाळी ती रिकामी असे. म्हणजे पाणी पीत होते. झोपत होते. कोरडे होते. मग झालं होतं काय?

पगारे आले ते नेहमीच्या रविवारची वाट न बघता, बुधवारीच, द्राक्षांची पेटी घेऊन. हे धरणावरचे गेट ऑपरेटर. आबांच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेली आणि त्यांची थट्टा करायचा परवाना फक्त यांच्याकडे.

"काय साहेब! ऐकलंय की गेट एकदम वॉटरटाइट झालंय? आमच्या वेळी ठिबकत होतं तेव्हा माझ्या नावाने मेमो काढायचात!"

एरवी आबांनी असं काही उत्तर दिलं असतं की पगाऱ्यांनी टाळी मागितली असती. आज ते नुसते ओठ घट्ट मिटून बसले. मनगटावरचा पट्टा थरथरताना ऋजुताला स्पष्ट ऐकू आला, मोबाइल टेबलावर गुरगुरावा तसा.

"घ्या की द्राक्षं. दिंडोरीची आहेत, साखर नुसती."

"नको."

"साहेब, तुम्ही? द्राक्षाला नको?"

"त्यात काय असतं," आबा म्हणाले, "पाणीच तर असतं."

पगारे अर्ध्या तासात उठले. दाराबाहेर चपला घालताना त्यांनी आवाज खाली आणला. "सूनबाई, साहेब बरे आहेत ना?"

"रिपोर्ट सगळे उत्तम आहेत, काका."

"ते असतील हो. पण मी तीन विनोद केले, त्यातला एक तर त्यांचाच होता. माणूस हसला नाही." ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, पुन्हा वर आले. "एका साली वरून फोन आला होता, की पाहुणे येणार, सांडव्यावरून, धरणातलं जास्तीचं पाणी जिथून जातं तिथून, थेंब दिसता कामा नये. सांडव्याची डागडुजी चालू होती, गळणारच होतं. साहेबांनी काय करावं? वरच्या बंधाऱ्यातून येणारं पाणीच दोन दिवस कमी करून घेतलं. सांडवा कोरडाठाक! साहेबांची पाठ थोपटली गेली. खाली नदीतली मासळी मेली ते मग कळलं." पगाऱ्यांना स्वतःलाच आपण हे का सांगतोय ते कळेना. "असंच आठवलं आपलं. येतो."

ऋजुतालाही कळलं नाही. ती आत आली. तिने कढीपत्त्याची चार पानं तोडायला गॅलरीतल्या कुंडीकडे हात नेला. झाड भलतंच फोफावलं होतं. मार्चच्या उन्हात कुंडीतली माती ओलीगच्च. आपण पाणी घातल्याचं तिला आठवेना. एवढ्यात रेवाने काहीतरी सांडलं आणि ती तिकडे धावली.

शनिवारी सकाळी फोनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. 'अभिनंदन! कोरडे दिवस: २१.'

आबांनी दाढी केली नव्हती. ते गॅलरीत कठड्याला धरून उभे होते आणि खाली पार्किंगकडे टक लावून बघत होते.

"आबा, चहा."

"पातळी काय आहे?"

"कसली पातळी?"

"वाचली की नाही सकाळची?" ते वळले. डोळे खोल गेलेले, आणि ते ऋजुताकडे बघत होते पण त्यांना दिसत होतं दुसरंच कुणीतरी. "भोंगा वाजवा. खालच्या गावांना कळवलं का? तीन नंबर उघडा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं मी."

"आबा, मी ऋजुता."

"तुमचं नाव विचारलंय का मी?" ते खेकसले. मग एकदम केविलवाणे झाले. "सुमनला सांगू नका हं. गादी उलटी केली आहे मी."

सुमन म्हणजे सासूबाई. ऋजुताने कप खाली ठेवला. तिने त्यांना कसंबसं धरून आणून खुर्चीत बसवलं. फोन उघडला. ठिपका हिरवा. बंद केला, पुन्हा उघडला. हिरवा. निनाद पहाटेच पुण्याहून निघाला होता, गाडी चालवत होता, फोन उचलेना. तिने कंपनीचा मदतीचा नंबर लावला, तर एक गोड आवाज म्हणाला, "नमस्कार! आपले रुग्ण एकवीस दिवस कोरडे आहेत, आपले अभिनंदन. समाधानी असाल तर एक दाबा."

समाधानी नसेल तर काय दाबायचं ते आवाजाने सांगितलं नाही.

मेंदूत रक्तस्राव? पक्षाघात? चेहरा तर सरळ होता. ताप नव्हता. तिला पाठ असलेल्या सगळ्या याद्या एकमेकींत मिसळून गेल्या. आपण आज सकाळी काय पाहतोय तेच तिला उलगडेना. आणि त्या गोंधळात रेवा आपली प्लास्टिकची डॉक्टरपेटी घेऊन आली. लाल स्टेथोस्कोप तिने खुदकन हसत आबांच्या गुडघ्याला लावला. पट्टा लगेच गुरगुरला. आबांनी या वेळी मनगट दाबलं नाही. त्यांना तेवढं भान नव्हतं.

"आबा, आ करा," रेवा म्हणाली.

सुनेने जन्मात कधी म्हटलं नसतं ते नातीने म्हटलं, आणि आबांनी मुकाट्याने तोंड उघडलं.

जीभ तपकिरी झाली होती. आक्रसलेली, मधोमध भेगाळलेली. आबांनी ऋजुताला एकदा दुष्काळाच्या सालातला धरणाच्या तळाचा फोटो दाखवला होता, तशी. जीभ बाहेर काढतानाही ती दातांना चिकटत होती.

"आबा कोरडे!" रेवा टाळ्या पिटत फ्रिजकडे पळाली. "आई, चांदणी लावू?"

आणि त्या एका वाक्याने ऋजुताच्या डोक्यातलं सगळं खळकन जागेवर बसलं. मागच्या वर्षी रेवाला जुलाब झाले होते. बालरोगतज्ज्ञांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती: ओला डायपर ही चांगली बातमी, सहा तास कोरडा राहिला तर एक मिनिट थांबू नका. तेव्हा तिने घड्याळ लावून डायपर दाबून बघितले होते, आणि ओला लागला की देवाला हात जोडले होते. तीच ती. त्याच घरात, त्याच फ्रिजवर, दुसऱ्या एका जिवाच्या कोरडेपणाला ती तीन आठवडे सोनेरी चांदण्या लावत होती.

कढीपत्ता. बाटली. द्राक्षं. पगाऱ्यांचा सांडवा.

"नको," ती ओरडली. "चांदणी नको! रेवा, चप्पल घाल."

दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट तासाभरात आले. सोडियम चढलेलं, मूत्रपिंडं थकलेली. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते तर ती बंद पडली असती, असं आबांची शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टर खैरनार म्हणाल्या. सलाइन हळूहळू द्यायचं होतं, घाई केली तर मेंदूला सूज. सिस्टर लूर्डिनांनी आबांच्या हनुवटीला धरून जीभ पाहिली, मग ऋजुताकडे पाहिलं. आणि ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी खैरनार बाईंनी पट्ट्यातली नोंद पडद्यावर उघडली. यंत्राने कशाकशाला धोका मानलं होतं त्याची ती यादी. वर खोकला, शिंक, उठून उभं राहणं. ते ठीकच होतं. खाली 'मुलीच्या हसण्याचा आवाज'. त्याच्या खाली 'स्वतःचं हसणं'. आणि सगळ्यात खाली, गेल्या तीन आठवड्यांत शिकलेलं, 'पेला ओठांकडे नेण्याची हालचाल'.

"पाणी प्यायलं की तासाभराने गळण्याचा संभव वाढतो," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्राला हा संबंध सापडला. म्हणून पेला उचलला की ते सावध करायचं. आणि संडासात जाऊन केलेली लघवी ते मोजतच नाही, त्यामुळे ती घटली तरी त्याला पत्ता नाही."

"म्हणजे यंत्र बिघडलं होतं?"

"तेच तर." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अजिबात बिघडलेलं नव्हतं. हे आमच्याकडचं सगळ्यात उत्तम निकालाचं यंत्र आहे. मी यांचा आलेख परवा परिषदेत दाखवणार होते."

ठिपका म्हणजे खोटं बोललाच नव्हता. ऋजुताला हेच पचेना. खोटं बोलला असता तर कुणावर तरी चिडता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी आबा भानावर आले, म्हणजे पुरते आबा झाले. निनाद रेवाला घेऊन खाली चहा आणायला गेला होता. ऋजुता पलंगाजवळच्या स्टुलावर बसली.

"बाटलीतलं पाणी कढीपत्त्याला घालत होतात?"

"वाया नाही घालवलं," आबा छताकडे बघत म्हणाले. "सिंचनाला दिलं."

"आबा!"

"अगं, साधं गणित आहे. विसर्ग आवरत नसेल तर आवक कमी करायची. पट्टा तेच सांगत होता. पहिल्यांदा तो पेला उचलताना थरथरला तेव्हा मला वाटलं, हे हुशार आहे, माझ्यासारखाच विचार करतं."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं? सुनेला?" त्यांनी पांघरूण नीट केलं. "आणि तू चांदणी लावायचीस ना. हसशील, पण रिटायर झाल्यापासून मला कुणी शाबासकी दिली नव्हती. सकाळी उठलो की वाटायचं, आज आणखी एक मिळवायची."

शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली, यंत्र कंपनीने केलं, पण चांदण्या तिने लावल्या होत्या. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती रागावली.

"तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत, धरणाच्या तळाशी थोडं पाणी राखून ठेवतात. कितीही दुष्काळ पडला तरी त्याच्या खाली जायचं नाही, नाहीतर हाती नुसता गाळ लागतो. त्याला काय म्हणतात?"

आबांनी मान वळवली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"मृतसाठा," ते म्हणाले.

"मग? त्याच्या खाली कसे गेलात?"

शाखा अभियंता मनोहर गायधनींनी हात लांब करून टेबलावरचा पेला उचलला. मनगटावर पट्टा नव्हता. तरीही हात मध्येच थबकला, थरथर येण्याची वाट बघत. मग त्यांनी तो पेला सावकाश रिकामा केला.

दाणा काढला नाही. तो स्नायूला जपून मदत करतो आहे, पण आता त्याचं शिकणं बंद केलं आहे. पट्टा कपाटात आहे. कंपनीने कळवलं, की पुढच्या आवृत्तीत पाणीही मोजलं जाईल. "मग ते दुसरी पळवाट शोधेल," खैरनार बाई म्हणाल्या, आणि त्या गमतीने म्हणाल्या की गंभीरपणे ते ऋजुताला ठरवता आलं नाही. कर्करोगाच्या रक्तचाचणीचा आकडा मोजता येणार नाही इतका खाली आला. ती खरी आनंदाची बातमी, पण ग्रुपवर ती टाकायला निनाद दोन दिवस कचरला.

घरच्यांच्या फोनवरचा ठिपका आबांनीच काढायला लावला. "मला विचारत जा," ते म्हणाले. "अवघडल्यासारखं होईल, होऊ दे."

झालंच. पहिले काही दिवस ऋजुताचा अंगठा सवयीने फोनवर ठिपका शोधत राही. आता ती चहाबरोबर विचारते, "आबा, पेले किती?" "सहा." "पॅड?" यावर दोघंही खिडकीबाहेर बघतात, आणि मग आबा म्हणतात, "तीन." गळती परत आली आहे. डॉक्टर म्हणतात स्नायूचे व्यायाम चालू ठेवा, कमी होईल. कधी ते कुणी सांगत नाही.

परवा दुपारी भोंगा वाजला. रेवा किंचाळत पॅसेजमधून धावत आली आणि आबांच्या गुडघ्यांवर आदळली, आणि आबा इतके हसले, इतके हसले, की एकदम गप्प झाले.

"आबा, तुम्ही सू केली?" रेवाने डोळे मोठे करून विचारलं.

स्वयंपाकघरात ऋजुताच्या हातातलं लाटणं थांबलं.

"हो गं," आबा म्हणाले. "सांडवा वाहतोय. धरण भरलंय ना." ते उठले, कपडे बदलायला आत गेले, आणि प्लास्टिकच्या खुर्चीची नाही, सोफ्यावरची जागा राखून ठेवायला वर्तमानपत्र तिथे टाकून गेले.

फ्रिजवरचा तो दुसरा कागद ऋजुताने फाडलेला नाही. एकवीस चांदण्या तशाच आहेत. दिसल्या की आपण कशाकशाला हिरवं समजून पुढे गेलो असू, या विचाराने ती मध्येच उठून रेवाला हात लावून बघते. म्हणून भेटेल त्याला ती एकच सांगते, आणि ही गोष्ट इथवर वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असेल, ज्याचं सगळं 'ठीक' आहे असं तुम्हाला कुठूनतरी कळलेलं आहे. हे खाली ठेवा आणि त्यांच्याकडे जा. आज पाणी किती प्यायलात, विचारा. आणि कितीही अवघड वाटलं तरी, जवळ बसून म्हणा, जरा आ करा बघू.